पंप उतरवण्याआधी

जुनी डिझेल पिकअप घेऊन माणूस गॅरेजात जातो तेव्हा त्याच्याकडे सांगायला बहुधा एकच वाक्य असतं, "गाडी ओढत नाही." मिस्त्री बॉनेट उघडतो, दोन-तीनदा रेस देतो, मागे जाऊन धूर बघतो आणि निकाल देऊन मोकळा होतो, "पंप बघायला लागेल." पंप उतरतो, लॅबला जातो, त्याच्याबरोबर चारही नोझल जातात. बिल होतं. गाडी काही दिवस बरी चालते आणि मग भरल्या मालानिशी चढावर पुन्हा झटके मारायला लागते. शेवटी सापडतं काय, तर टाकीकडून येणाऱ्या रबरी पाइपला गेलेली बारीक चीर.

पंप बिघडतच नाही असं माझं म्हणणं नाही. बिघडतो. पण तो शेवटी तपासायचा, कारण त्याचं काम महाग, तो उतरवला की टायमिंग नव्यानं बसवावं लागतं, आणि त्याच्याआधी तपासण्यासारख्या ज्या गोष्टी आहेत त्यातल्या निम्म्याहून अधिक मालकाला स्वतःला घरच्या अंगणात बघता येतात. इथे बोलतोय ते यांत्रिक पंपाच्या जुन्या गाड्यांबद्दल: महिंद्राच्या २,५२३ सीसी डीआय इंजिनाच्या बोलेरो पिकअप आणि कॅम्पर, टाटाची २,९५६ सीसीची २०७ डीआय आणि त्यांच्या पिढीतल्या बाकीच्या. कॉमन रेल गाड्यांचं थोडं वेगळं आहे, ते पुढे येईल. कोणाची गाडी कोणत्या जातीची आहे हे आधी पक्कं करून घ्या, कारण एका गाडीवर चालणारी तपासणी दुसरीवर जिवावर बेतू शकते.

डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा स्पार्क प्लग नसतो. आत घेतलेली हवा सुमारे अठराव्या हिश्श्याइतकी दाबली जाते, त्या दाबानं ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि अशा तापल्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा उडाला की तो आपोआप पेटतो. म्हणजे पुरेशी हवा, पुरेसा दाब, नीट फवारलेलं डिझेल आणि त्याची बरोबर वेळ एवढं जमलं की इंजिन चालतं. बिघाड शोधायचा तो याच चौघांत. काही इंजिनांना हीटर प्लग असतात, पण ते सकाळी गाडी चालू होण्यापुरते. चढावर दम जाण्याशी त्यांचा संबंध नाही, त्यामुळे "हीटर बदलून बघू" असं कोणी म्हणालं तर नम्रपणे थांबवा.

पहिली गोष्ट, तक्रार दोन भागांत फोडा. मिसिंग वेगळं आणि दम नसणं वेगळं. मिसिंग म्हणजे चारातला एखादा सिलिंडर नीट काम करत नाही. गाडी उभी असतानाही इंजिन लंगडतं, गिअरचा दांडा थरथरतो, सायलेन्सरचा आवाज एकसारखा न येता मध्ये तुटतो. दम नसणं म्हणजे आवाज एकसारखा, उभी असताना सगळं ठीक, पण लोड आला की गाडी बसते. पहिल्या प्रकारात दोष एका सिलिंडरच्या आसपास शोधायचा. दुसऱ्यात दोष चारही सिलिंडरना सामाईक असलेल्या कशात तरी असतो: हवा, डिझेलचा पुरवठा, टर्बो, टायमिंग किंवा इंजिनाच्या बाहेरच. दोन्ही एकत्र असतील तर आधी मिसिंग सोडवा.

दुसरं, दोष केव्हा येतो ते टिपून ठेवा. सकाळी थंड असताना की तापल्यावर? रिकामी असताना की भरलेली? टाकी निम्म्याखाली गेल्यावर? फिल्टर बदलल्यापासून? अमुक पंपावर डिझेल भरल्यापासून? मिस्त्रीला हे सांगितलंत तर त्याचं निम्मं काम होतं, आणि चांगला मिस्त्री हे स्वतःहून विचारतो. न विचारताच पाना हातात घेणाऱ्याकडे मी तरी गाडी सोडत नाही.

घाटावरच्या मालकांसाठी एक खास गोष्ट. नाशिककडून कसाऱ्यानं मुंबईला किंवा जुन्नर-ओतूरकडून माळशेजनं कल्याणला माल नेणारी गाडी भरलेली घाट उतरते आणि रिकामी चढते. अशा गाडीचा दम महिनोन्महिने कमी होत गेला तरी लक्षात येत नाही. मग एखाद्या दिवशी परतीला सिमेंट किंवा खत भरलं की घाटात दुसऱ्या गिअरवरही रडते आणि मालकाला वाटतं कालपर्यंत चांगली होती. तेव्हा ठरलेला एखादा चढ, ठरलेलं वजन, ठरलेला गिअर, यावर गाडी कशी जाते हे वर्षातून एक-दोनदा बघून ठेवावं. वजनावरून आठवलं. आरसी बुकात जेवढं वजन लिहिलंय त्याच्या दीडपट भरून "ओढत नाही" म्हणत असाल तर इंजिनाची तक्रार खरी धरता येणार नाही.

आता धूर. इंजिन गरम झाल्यावर कोणाला तरी रेस द्यायला बसवा आणि मागे उभे राहा. काळा धूर म्हणजे आत गेलेल्या हवेच्या मानानं डिझेल जास्त, किंवा फवारा जाड. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा आणि कच्च्या डिझेलचा वास येणारा धूर म्हणजे डिझेल आत जातंय पण पेटत नाही: मेलेला सिलिंडर, मागे गेलेलं टायमिंग किंवा कमी कॉम्प्रेशन. थंडीत सकाळी पहिली एक-दोन मिनिटं असा धूर जुन्या गाडीला येतोच, त्याची काळजी नको. पांढराच पण वाफेसारखा, न झोंबणारा, आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅसकेटकडे बघायचं. निळसर धूर ऑइल जळत असल्याचा. आणि या सगळ्यात लोक विसरतात ती खूण: गाडीला दम नाही आणि धूरही नाही. धूर नाही म्हणजे डिझेलच पुरेसं पोहोचत नाही. अशा गाडीचे नोझल उतरवण्यात अर्थ नसतो, टाकीपासून पंपापर्यंतचा रस्ता बघायचा असतो.

त्याआधी इंजिनाबाहेरच्या तीन गोष्टी उरकून घ्या. ॲक्सिलरेटरची केबल: एकानं पॅडल पूर्ण दाबायचं आणि दुसऱ्यानं पंपावरच्या लिव्हरकडे बघायचं. लिव्हर शेवटच्या स्टॉपरला टेकतोय का? केबल ताणली गेली, पॅडलखाली जाड मॅट आली किंवा पॅडलचा बुश झिजला की पाय जमिनीला टेकतो आणि पंपाला मात्र पाऊणच रेस मिळते. हे बघायला अर्धं मिनिट लागतं आणि गॅरेजात हे कोणी बघत नाही. दुसरं, ब्रेक. सपाट रस्त्यावर काही किलोमीटर ब्रेक न मारता चालवून थांबा आणि चारही चाकांच्या ड्रमजवळ हात न टेकवता नेऊन बघा. एखादं जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक धरून राहिलाय. तिसरं क्लच. समोर मोकळी जागा बघून हँडब्रेक ओढा, वरच्या गिअरमध्ये टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडायला पाहिजे. चालूच राहिलं तर प्लेट घसरतेय. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो आणि गाडी पुढे जात नाही ते यामुळेच.

हवेची बाजू सोपी आहे. एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरा. ऊसतोडीच्या हंगामात कच्च्या रस्त्यांवर फिरणाऱ्या किंवा खडी वाहणाऱ्या गाडीचा फिल्टर कंपनीच्या पुस्तिकेतल्या अंतराच्या कितीतरी आधी भरतो. पावसात भिजून कागद फुगला असेल तर झटकून चालवू नका, नवा टाका. फिल्टर न लावता इंजिन चालवून बघायचा मोह टाळा, विशेषतः टर्बोच्या गाडीत. टर्बो असेल तर तिथून इंजिनापर्यंतचे सगळे रबरी होज हातानं दाबून, वाकवून, खालच्या बाजूनं बघा. चीर बहुतेक वेळा खाली, क्लिपच्या कडेला असते आणि वरून दिसत नाही. लोडवर नवीच शिट्टी, जोडीला काळा धूर आणि होजच्या बाहेर ताजा ऑइलचा ओघळ, या तिन्ही खुणा एकत्र दिसल्या की होज गेलाच समजा. ज्या गाडीला ईजीआर व्हॉल्व्ह आहे तिथे तो काजळीनं उघडा अडकला तरीही काळा धूर आणि दम कमी असंच चित्र दिसतं. सायलेन्सर आतून कोसळून चोंदलेलाही असतो, जुन्या गाडीत हे वाटतं तितकं दुर्मीळ नाही.

खरा वेळ द्यायचा तो डिझेलच्या पुरवठ्याला. टाकीतलं डिझेल ओढून मुख्य पंपाला देतो तो फीड पंप. टाकीपासून त्याच्यापर्यंतच्या पाइपमध्ये डिझेल ढकललं जात नाही, ओढलं जातं. त्यामुळे तिथे चीर पडली तर बाहेर डिझेल ठिबकत नाही, उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. बाहेरून सगळं कोरडं, स्वच्छ दिसतं आणि म्हणूनच इथला दोष सुटून जातो. मिस्त्री "कुठे लिकेज नाही" म्हणतो ते खरंच असतं, पण त्यानं बघितलेलं असतं ते पंपाच्या पुढच्या, दाबाच्या बाजूला. रात्री गाडी उभी राहिली की याच चिरेतून हवा शिरून पाइपातलं डिझेल टाकीकडे परत उतरतं आणि सकाळी खूप वेळ सेल्फ मारावा लागतो. तोंड चढाकडे करून लावलेल्या गाडीला हे जास्त होत असेल तर संशय आणखी पक्का.

हवा पकडायची खात्रीची रीत अशी. फीड पंपाला येणाऱ्या पाइपच्या जागी हातभर पारदर्शक प्लॅस्टिकची नळी बसवा, दोन्हीकडे क्लिप घट्ट करा, प्रायमर मारून हवा काढा आणि इंजिन चालू करा. सुरुवातीला काही बुडबुडे जातील. पाच मिनिटांनीही बारीक बुडबुड्यांची माळ चालूच राहिली तर मागे कुठेतरी हवा शिरतेय. मग एकेक जोड बघत टाकीकडे जायचं: रबरी पाइपांची टोकं, बँजो बोल्टचे वॉशर, वॉटर सेपरेटरची रिंग, चॅसीवर घासून पातळ झालेला लोखंडी पाइप. फिल्टर बदलल्यापासून तक्रार असेल तर फिल्टरची रबरी रिंग पिळवटलेली किंवा जुनी-नवी अशा दोन रिंगा एकावर एक बसलेल्या असू शकतात. हेही नेहमीचं आहे.

टाकीच्या आत डिझेल ओढणारा जो उभा पाइप असतो त्याला मधोमध तडा गेला तर फार गमतीचा दोष दिसतो. टाकी भरलेली असेपर्यंत तडा डिझेलात बुडालेला असतो, गाडी झकास चालते. डिझेल तड्याच्या खाली गेलं की हवा शिरते आणि गाडी झटके मारते. मालक डिझेल भरतो, गाडी सुधारते, आणि तो पंपवाल्याच्या डिझेलची तारीफ करत हिंडतो. टाकीच्या झाकणाचा श्वासही बघा. झाकणाचं भोक चिखलानं बुजलं की आत निर्वात होत जातो आणि तासाभराच्या धावेनंतर गाडी दम सोडते. थांबून पाच-दहा मिनिटं उभी केली की पुन्हा चालते. अशा वेळी झाकण उघडताना आत हवा ओढल्याचा फुस्स आवाज आला तर दोष हातात सापडला.

इतकं करूनही उलगडत नसेल तर कॅनची तपासणी करा. स्वच्छ कॅनमध्ये स्वच्छ, गाळलेलं डिझेल घ्या, कॅन फीड पंपाच्या उंचीच्या वर पक्का बांधा आणि टाकीचा पाइप काढून कॅनमधून थेट नळी द्या. परतीचं डिझेल टाकीत जात राहील, त्यामुळे कॅन वाटतं त्याहून लवकर रिकामा होतो, लक्ष ठेवा. कॅनपाशी ठिणगी, विडी, गरम सायलेन्सर काही नको. कॅनवर इंजिन सुतासारखं सरळ चाललं तर टाकी किंवा तिचा पाइप दोषी. तरीही तसंच चाललं तर दोष फीड पंपापासून पुढे. पंप लॅबला पाठवण्याआधी ही एक तपासणी मिस्त्रीकडे हट्टानं मागा.

टाकीतला गाळ हा जुन्या गाडीचा कायमचा सोबती. टाकीच्या तळाला गंज, पाणी आणि त्या पाण्यावर पोसलेल्या जंतूंचा काळपट चिकट थर साचतो आणि ओढणाऱ्या पाइपच्या जाळीला चिकटतो. सपाटीवर भागतं, चढावर इंजिन जास्त डिझेल मागतं तेव्हा जाळीतून तेवढं येत नाही. फिल्टर पुन्हा पुन्हा चोंदत असेल तर नवे फिल्टर टाकत बसण्यापेक्षा टाकी एकदा उतरवून धुऊन घेणं स्वस्त पडतं. पावसाळ्यात सेपरेटरमधलं पाणी आठवड्याला सोडत जा. डिझेलवर संशय असेल तर पारदर्शक काचेच्या बाटलीत थोडं काढून रात्रभर ठेवा. पाणी जड असल्यानं खाली वेगळं दिसतं. रॉकेलची भेसळ अशी दिसत नाही. त्यासाठी पंपावर घनता तपासून मागा. तशी मागणी करायचा ग्राहकाला अधिकार आहे आणि त्यासाठीची काचेची बरणी, हायड्रोमीटर अन् तापमापक पंपावर ठेवलेलेच असतात. रॉकेलला डिझेलइतका वंगणाचा गुण नाही, आणि पंपाच्या आतले बारीक भाग डिझेलच्याच वंगणावर चालतात. स्वस्तातलं डिझेल पंपाच्या बिलातून वसूल होतं.

फीड पंपाच्या पुढे, इनलाइन पंपाच्या परतीच्या तोंडाला ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह असतो. त्याची स्प्रिंग मऊ झाली की पंपाच्या पोटात दाब धरत नाही, डिझेल टाकीकडे निसटतं आणि लोडवर दम जातो. पंपाच्या मानानं हा भाग फार स्वस्त आहे. कित्येकदा त्याच्या जागी साधा बँजो बोल्ट बसवलेला सापडतो, कारण आधीच्या कोणाला तरी व्हॉल्व्ह मिळाला नव्हता.

आता मिसिंगकडे. इंजिन गरम करून स्लोवर चालू ठेवा आणि नोझलवर येणाऱ्या पाइपचा नट, बहुधा १७ चा लागतो, एकेक करून अर्धा आटा सैल करा. चालत्या सिलिंडरचा नट सैल केला की इंजिन लगेच लंगडतं. नट आवळला की पुन्हा सावरतं. ज्या सिलिंडरचा नट सैल करूनही आवाजात काहीच फरक पडत नाही तो मेलेला. इथे हात सांभाळा. पायांत नीट बूट, डोळ्यांवर चष्मा, हाताशी फडकं, आणि बोट कधीही पाइपच्या तोंडावर धरायचं नाही. नोझल दोनशे बारच्या आसपास किंवा त्याहून जास्त दाबाला उघडतो, आणि तेवढ्या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत शिरतं. वरून टाचणीच्या टोकाएवढीच खूण दिसते, दुखत नाही, पण ती जखम बोट गमावायला लावू शकते. असं झालं तर घरी हळद लावत बसू नका, तडक मोठ्या हॉस्पिटलात जा आणि डॉक्टरांना "दाबाचं डिझेल शिरलंय" असं स्पष्ट सांगा.

पाइप सोडायचे नसतील तर थंड इंजिन चालू करून मिनिटभरात एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या चारही तोंडांवर पाण्याचे थेंब टाका. तीन तोंडांवर थेंब चरचरून उडतील, मेलेल्या तोंडावर ओल रेंगाळेल. हल्ली लांबून तापमान दाखवणारं यंत्र बऱ्याच गॅरेजात असतं, त्यानं हेच काम आणखी नेमकं होतं.

मेलेला सिलिंडर सापडला म्हणजे नोझल गेला असं समजून नवा आणू नका. त्या सिलिंडरचा नोझल शेजारच्या सिलिंडरला लावा आणि शेजारचा इकडे, मग तपासणी पुन्हा करा. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल दोषी. लॅबमध्ये फवारा, ठिबक आणि दाब तपासून घ्या. दोष त्याच सिलिंडरवर राहिला तर नोझल निर्दोष, पुढे शोधायचं. नोझल काढण्याआधी भोवतीची माती हवेनं उडवून घ्या, उघड्या पाइपांना स्वच्छ टोप्या लावा आणि बसवताना खालचा तांब्याचा वॉशर दर वेळी नवा टाका. जुनाच वॉशर पुन्हा बसवल्यानं खालून कॉम्प्रेशन फुसफुसतं, नोझलभोवती काळं तेलकट कडं जमतं आणि नोझल लवकर जळतो. वॉशरचे पैसे वाचवणाऱ्याला मी आजवर शहाणा म्हटलेलं नाही.

दोष सिलिंडरवरच राहिला तर आधी टॅपेट. टॅपेट घट्ट असेल तर तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन निसटतं. थंड असताना बरी आणि तापल्यावर मिसिंग करणाऱ्या गाडीत हे पहिलं बघायचं. फिलर गेज लावून, पुस्तिकेतल्या आकड्याला. "अंदाजानं ठेवलंय" चालत नाही. मग कॉम्प्रेशन. डिझेलचा गेज वेगळा असतो, पेट्रोलचा लावला तर फुटेल. बॅटरी पूर्ण भरलेली हवी, कारण सेल्फ मंद फिरला तर चांगल्या इंजिनाचाही आकडा कमी येतो. एकट्या आकड्यापेक्षा चौघांतला फरक बघा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर मधून हेड गॅसकेट गेलं असण्याची शक्यता मोठी. थंड इंजिनात रेडिएटरचं झाकण काढून ठेवून गाडी चालू करा. पाण्यातून सतत बुडबुडे येत राहिले तर त्याला दुजोरा मिळतो. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही हे सांगायला नकोच.

रिंगा झिजल्यात का हे कळायला ऑइल भरायचं झाकण काढून उलटं करून तोंडावर नुसतं ठेवा. स्लोवर झाकण थरथरलं तर जुन्या इंजिनात ते चालण्यासारखं आहे. उडून पडलं आणि तोंडातून भकाभका धूर आला तर रिंग-पिस्टनचं काम जवळ आलंय. ऑइलची दांडीही बघा. ऑइल कमी होणं सगळ्यांना कळतं. पातळी वाढलेली असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल तर फीड पंपातून किंवा ठिबकणाऱ्या नोझलमधून डिझेल ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतंय. अशी गाडी चालवू नका. वाढलेलं पातळ ऑइल ब्रीदरवाटे हवेबरोबर इंजिनात ओढलं गेलं की इंजिन त्यावरच पळत सुटतं, चावी बंद करूनही थांबत नाही. तशी वेळ आलीच तर उभ्या गाडीत ब्रेक दाबून वरचा गिअर टाकून क्लच सोडा, किंवा हवेचं तोंड जाड फळीनं बंद करा. हातानं किंवा फडक्यानं नको.

एवढं सगळं झाल्यावर पंप. टायमिंग मागे गेलं असेल तर पांढरा धूर, जास्त तापणं आणि दम कमी. पुढे गेलं असेल तर हातोडीसारखी ठकठक. पंप पूर्वी कोणी उतरवलेला असेल तर आधी टायमिंगच तपासा. आणि एका प्रकाराला ठाम नकार द्या: पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवणं. दम नसलेल्या गाडीचा हा बाजारातला झटपट इलाज आहे. गाडी त्या दिवशी खरंच ओढते, मालक खूश, पैसे वसूल. मूळ दोष तसाच राहतो, वरून जळायला हवा न मिळालेलं डिझेल काळा धूर करतं, सिलिंडर जास्त तापतात आणि घाटात पिस्टन धरतो. पंपावरचं सील तुटलेलं असेल तर लॅबवाल्याला मूळ मोजमापावर आणायला सांगा.

कॉमन रेल गाडीत वरचं बरंच लागू पडतं, फक्त दाबाचे पाइप चालू इंजिनात सैल करायची तपासणी तिथे कधीही करायची नाही. त्या पाइपांत हजार बारच्या वर दाब असतो. तिथे स्कॅनरवर कोड आणि रेलचा दाब वाचायचा, आणि चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या एकसारख्या बाटल्यांत सोडून कोणती बाटली लवकर भरते ते बघायचं. जी लवकर भरते तो इंजेक्टर आतून गळतोय.

पंप किंवा नोझल लॅबला गेलेच तर बेंचवरच्या आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांचा कागद मागून घ्या, बदललेले जुने भाग परत घ्या. पीयूसीच्या जुन्या पावत्याही फेकू नका. त्यावर धुराच्या दाटपणाचा आकडा छापलेला असतो, आणि तो दर वेळी चढत असेल तर गाडी बसण्याच्या कितीतरी आधी तुम्हाला कळतं. ज्या इंजिनाचं ऑइलचं झाकण उडून पडतंय आणि दोन सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेलंय, त्यावर मात्र नव्या पंपाचे पैसे घालू नका. ते पैसे आधी इंजिनाच्या कामाला लागतील, आणि काम झाल्यावर जुना पंपच पुरला असं बऱ्याचदा दिसून येतं.